वडीलधाऱ्यांची उमेदवारी

इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत चाकरी मिळविण्याचा एक रूढ मार्ग असा होता की, चार बुके शिकलेल्या तरुणाने प्रथम बिनपगारी उमेदवार म्हणून एखाद्या मुरलेल्या कारकुनाच्या हाताखाली बसावे, दौती भराव्यात, बारनिशीत टपालाची आवक-जावक नोंदवावी, मजकुराची मांडणी पाहून पाहून आत्मसात करावी, आणि पुढेमागे एखादी जागा रिकामी झाली म्हणजे साहेबाच्या मर्जीने कायम व्हावे. विद्या ही वडिलांकडून धाकट्यांकडे उतरत येते, या सर्वमान्य गृहीतावर हा सारा शिरस्ता उभा होता. आज महाराष्ट्रात घरोघरी जी उमेदवारी चालू आहे ती मात्र नेमकी उलट्या दिशेची आहे : पन्नाशीला टेकलेला बाप दहावीतल्या मुलासमोर चष्मा सावरीत बसतो, छायाचित्र कसे जोडावे, आलेला संदेश पुढे कसा धाडावा, चुकून गेलेला मजकूर परत कसा घ्यावा, हे त्याच्याकडून शिकतो, आणि दुसऱ्या दिवशी विसरून तेच पुन्हा विचारू लागला म्हणजे मुलाचा उसासाही निमूटपणे सोसतो. हा उलटेपणा गेल्या दहा-पंधरा वर्षांची करणी आहे असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मराठी मुलखातील दळणवळणाच्या साधनांचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळला, तर मुलांच्या मागोमाग नवी साधने शिकण्याची वडीलधाऱ्यांची ही वहिवाट चांगली शे-दीडशे वर्षांची आहे, आणि आज तिच्यात जे खरोखर नवे आहे ते निराळेच आहे, असे दिसून येते.

पेशवाईत पत्रव्यवहार हा राज्यकारभाराचा प्राण होता. जासूदजोड्या आणि सांडणीस्वार लखोटे घेऊन मुलूखभर फिरत, आणि त्या दप्तरांच्या रुमालांत राजकारणाबरोबर घरची खुशालीही बांधली जाई. नाशिकजवळ गंगापुरास राहणाऱ्या गोपिकाबाईंनी, वयात येऊ लागलेला आपला नातू सवाई माधवराव याच्या विचारण्यावरून, त्याने दिवसाचा क्रम कसा राखावा, मोठ्यांशी कसे वागावे, यासंबंधी लिहून पाठविलेला उपदेश इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. ज्याचे वडील त्याच्या जन्माआधीच मारले गेले होते, अशा या पोरक्या मुलाशी आजीचा जो संबंध राहिला तो असा कागदावरचा होता. कोवळ्या वयाच्या मुलावर दुरून लक्ष ठेवण्याची आणि त्याला दुरून माया लावण्याची इच्छा तेव्हाही आजच्या इतकीच प्रबळ होती. मात्र ही सोय ज्यांच्या पदरी जासूद होते त्यांचीच होती. शेतकऱ्याचा मुलगा लष्करात शिलेदाराबरोबर गेला, तर तो परत येईपर्यंत त्याची बातमी येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूच्या तोंडची, आणि तीही बहुधा शिळी असे.

ही स्थिती पालटली ती १ ऑक्टोबर १८५४ पासून. त्या दिवशी अमलात आलेल्या टपाल व्यवस्थेने पाव तोळा वजनाच्या पत्रास, ते हिंदुस्थानात कितीही दूर जावयाचे असो, अर्धा आणा असा एकच दर ठरविला. १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड आले आणि एका पैशात मजकूर शेकडो कोस जाऊ लागला. पुढल्याच वर्षी टपाल खात्याने मनीऑर्डरीचे कामही आपल्याकडे घेतले. याच १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली होती, आणि त्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांनी कोकणातून आणि घाटावरून हजारो तरुण मुंबईस ओढून नेले. मुलांना घरापासून दूर नेणारे यंत्र आणि त्यांना घराशी बांधून ठेवणारा टपालाचा धागा ही दोन्ही अशी एकाच काळात जन्मास आली. अडचण एकच होती : पत्र रयतेच्या दारात आले होते, अक्षर मात्र तिच्या हातात आलेले नव्हते.

म्हणून या इतिहासात पहिले महत्त्वाचे पात्र आले ते मध्यस्थाचे. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीसमोर, कबुतरखान्याच्या आसऱ्याने, छत्र्या आणि ताडपत्र्या टाकून बसलेले पत्रलेखक कित्येक पिढ्या दुसऱ्यांच्या आयांना पत्रे लिहीत आले. गिरणीतला विणकर त्यांच्यापुढे उकिडवा बसून सांगे आणि ते लिहीत. मनीऑर्डरीच्या फॉर्माला तळाशी मजकुरासाठी जी चिंचोळी जागा सोडलेली असे तिच्यात महिन्याचा सारा जिव्हाळा कोंबावा लागे : पैसे पाठविले आहेत, पावसाआधी घर शाकारून घ्यावे, धाकट्याची शाळा सोडवू नये, गणपतीला येतो. इकडे कोकणातल्या वाडीवर पोस्टमन आला म्हणजे तो पैसे मोजून देई आणि मजकूरही वाचून दाखवी. आणि पोस्टमनला पुढच्या वाडीची घाई असली, तर ओटीवर बोलावणे जाई ते तिसरी-चौथीतल्या नातवाला अथवा शेजारच्या मुलाला. पदर सावरीत, डोळे मिटून, एक एक शब्द कानांत साठवीत ऐकणारी आजी आणि बोट ठेवून अडखळत वाचणारे ते पोर, हे या उलट्या उमेदवारीचे मराठी मुलखातले पहिले सार्वत्रिक रूप होय.

त्या पोस्टकार्डाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. माथ्यावर मध्यभागी ‘श्री’, उजव्या अंगास गाव आणि तिथी किंवा तारीख, मग वडिलांना लिहावयाचे असल्यास ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, मुलाला लिहावयाचे असल्यास ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, ‘विनंती विशेष’ची दोन अक्षरे, मग ‘पत्रास कारण की’ असे म्हणून मुद्द्याला हात, आणि शेवटी लहानथोरांना यथायोग्य सांगून ‘कळावे’. मृत्यूची वार्ता असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताक्षणी ती कळे. हा साचा पुढे अनेकांनी हास्यास्पद ठरविला. परंतु ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याला पहिले चार शब्द आयते देणे आणि शेवट कसा करावा या संकोचातून त्याला सोडविणे, हे त्याचे काम फार मोलाचे होते. वडिलांनी मुलास, मुलाने वडिलांस कोणत्या पायरीवर उभे राहून बोलावे, हे कागदानेच ठरवून दिलेले होते.

मध्यस्थाकडून पत्र वाचून घेण्यात एक मर्यादा मात्र उघड होती. सुनेने मुलाला सांगावे असे जे होते ते ती पोस्टमनकरवी सांगू शकत नव्हती, आणि आईच्या मनातली शंका शेजारच्या पोराच्या तोंडी घालता येत नव्हती. अक्षर स्वतःच्या हाती असावे, ही ओढ येथून निर्माण झाली. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले आणि पती माधवरावांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा घरातल्या वडील बायकांनी त्या शिकण्याला केलेला विरोध ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकास ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा हिंदुस्थानात मागे राहिलेले त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातच नोकरीस होते, आणि पुढली वर्षे त्या दोघांचा संसार पत्रांतून चालला. या उदाहरणांत शिकविणारे पती होते. सामान्य घरांतून मात्र हे काम पुढील काळात मुलांकडेच आले. शाळेत जाणाऱ्या मुलीने चुलीपुढच्या राखेत आईला ‘ग म भ न’ काढून दाखविल्याच्या हकीकती गेल्या पिढीतील कित्येक घरांतून ऐकावयास मिळतात.

साक्षरता ही एकदा मिळविली म्हणजे जन्मभर पुरते असेही नाही, याचा अनुभव आपल्या आजोबांच्या पिढीने घेतला. मोडी लिपीत बोरू न उचलता सरसर ओळी ओढणारा, गहाणखते आणि खातेवह्या लिहिण्यात उभी हयात घालविलेला मनुष्य, शाळांतून मोडी नाहीशी होऊन बाळबोधीचा एकछत्री अंमल सुरू झाल्यावर आपल्याच नातवापुढे अडखळू लागला. नातवाला आजोबांचा कागद वाचता येईना आणि आजोबांना नातवाच्या पुस्तकाची गती साधेना. विद्वान असूनही नव्या साधनापुढे निरक्षर ठरण्याचा जो प्रसंग आज निवृत्त प्राध्यापकावर बँकेचे ॲप उघडताना येतो, त्याचा हा पूर्वावतार म्हणावयास हरकत नाही.

सरकारदरबारी या उलट्या शिक्षणाची दखल घेतली गेली ती विसाव्या शतकात. खेर मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत प्रौढशिक्षणाला चालना मिळाली आणि १९३९ साली मुंबई शहरापुरती त्यासाठी स्वतंत्र समिती स्थापन झाली. परंतु खेड्यांतून ही गोष्ट लोकांच्या उत्साहाने घडली ती १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत. दिवस मावळल्यावर देवळात, चावडीत, कोणाच्या पडवीत कंदील टांगून वर्ग भरत. शिकविण्यास गावचे शिक्षक असत आणि त्यांच्या जोडीस गावातली लिहिती-वाचती मंडळी व शाळेतली मोठी मुले. गाव साक्षर झाले म्हणजे गौरवाचा समारंभ होई. पुढे ही मोहीम साऱ्या महाराष्ट्रात पसरली. शिकणाऱ्यास हेतू विचारला तर, अंगठ्याच्या जागी सही करता यावी आणि मुंबईच्या किंवा पलटणीतल्या मुलाचे पत्र आपले आपण वाचता यावे, ही दोन कारणे सर्वांना समजणारी होती. ज्ञानाची थोरवी सांगून प्रौढ मनुष्य रात्री शाळेत बसत नाही. मुलाच्या पत्रासाठी बसतो.

पत्राची जागा आवाजाने घेण्यास आपल्याकडे फार वेळ लागला. मुंबईत टेलिफोनची पहिली कचेरी १८८२ सालीच उघडली होती. परंतु सामान्य मराठी घराला फोन माहीत झाला तो शेजाऱ्याचा. लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर ‘पी. पी.’ अशी अक्षरे कंसात घालून जो क्रमांक लिहीत तो खालच्या मजल्यावरील डॉक्टरांचा किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याचा असे, आणि “तुमच्या मुलाचा फोन आहे” अशी हाक आली की आई हातातली कणीक तशीच ठेवून जिना उतरे. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌ तास वाट पाहणे नशिबी असे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथे नाक्यानाक्यावर उभी राहिली, आणि वसतिगृहात राहणारी मुले रात्री उशिरा, दर उतरल्यानंतर, बूथाबाहेर रांग लावू लागली. काचेच्या त्या खोपटात डोळ्यांसमोर तांबडे आकडे पळत असत, आणि त्यांच्या धाकाने आईबाप ‘जेवलास का, अभ्यास चालला आहे का, पैसे पुरतात का’ हे तीन प्रश्न एका श्वासात विचारून मोकळे होत. पोस्टकार्डाने मायेला जागेची मर्यादा घातली होती. फोनने वेळेची घातली.

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला भ्रमणध्वनी संवाद कलकत्त्याहून झाला, तरी बराच काळ या यंत्रावर आलेल्या कॉललाही पैसे पडत असल्यामुळे ते श्रीमंतांच्या कमरेलाच राहिले. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले आणि मग मात्र रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या हाती ते आले. या काळात आपल्या लोकांनी एक संकेतपद्धती आपली आपण बसविली, तिची नोंद इतिहासाने अवश्य घ्यावी : मुलगी एस. टी.ने पुण्यास पोहोचली की तिने घरच्या फोनवर एक घंटी वाजवून ठेवून द्यावे, दोन वाजल्या तर परत फोन करावा. या ‘मिस्ड कॉल’ला पैसे पडत नसत, लिहिता-वाचता येण्याची गरज नसे, आणि एका घंटीत ‘सुखरूप पोहोचले’ हे पत्र पुरे होई. कार्डाचा फाडलेला कोपरा न वाचता कळे, तशीच ही घंटी न बोलता कळे.

संगणकाने प्रथमच वडिलांना खरोखर बाकावर बसविले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, त्याचा एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला, आणि राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांस संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्यामुळे ज्या केंद्रात दहावीची परीक्षा देऊन सुटीत आलेली मुले शिकत, त्याच केंद्रात पंचायत समितीतले वरिष्ठ लिपिक आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक उंदीर कसा धरावा हे शिकत बसलेले दिसू लागले. वेतनवाढ अडकेल या भीतीने आलेले कित्येकजण घरी मुलाकडून उजळणी करून घेत. त्याच सुमारास पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांचे तांडे अमेरिकेस जात होते, आणि सदाशिव पेठेतले किंवा दादरचे निवृत्त आईबाप नेट कॅफेत ताशी दराने बसून रोमन अक्षरांत मराठी पत्रे लिहू लागले होते. देवनागरीचे कळफलक उपलब्ध होते. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांत त्यांवर कामही झाले होते. परंतु ते त्या कॅफेतल्या संगणकावर क्वचितच असत, आणि मुलानेही जाताना रोमन अक्षरेच शिकवून ठेवलेली असत. मातृभाषेसाठी दुसऱ्यांदा लिपी बदलण्याची पाळी अशी एका आयुष्यात आली.

२०१६ हे साल या इतिहासात दोन निराळ्या कारणांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ८ मार्चला ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या खेड्यात योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली; साठी उलटलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तेथे जाऊ लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास घेण्याचे काम नातवंडांकडे आले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन स्वस्त इंटरनेटचा जो लोंढा आला, त्याने ज्यांच्या हाती पाटीसुद्धा कधी आली नव्हती अशांच्या हाती चलच्चित्रांचे यंत्र दिले. व्हॉट्सॲप २००९ सालापासून होते, आणि २०१३ पासून त्यावर आवाजाचे संदेश धाडण्याची सोय झालेली होती. या सोयीने अक्षरशत्रू मनुष्यालाही पत्र लिहिता येऊ लागले. ऊसतोडीला गेलेली आई फडातून आश्रमशाळेतल्या मुलीला आपल्या आवाजात आशीर्वाद पाठवू शकते, ही गोष्ट फांगण्याच्या शाळेइतकीच मोठी मानली पाहिजे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा जे शिक्षण ऐच्छिक होते ते सक्तीचे झाले. रोजचा अभ्यास शिक्षक वर्गाच्या समूहावर टाकीत, आणि घरात फोन एकच असल्यास तो बापाबरोबर कामावर जाई. तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर बापाला पहिल्यांदाच दुवा उघडणे, वहीच्या पानाचे छायाचित्र काढणे, ते योग्य त्या समूहात धाडणे हे करावे लागले. पुष्कळ पालकांना आपल्या मुलांच्या वर्गाची आतली बाजू या काळात प्रथम दिसली, आणि पुष्कळ मुलांना आपल्या आईबापांचे अज्ञान प्रथम दिसले. हे दुसरे दर्शन अधिक दूरगामी ठरले. ज्या बापाला सगळे कळते असे बारा वर्षे वाटत आले, त्याला ध्वनी बंद-चालू करता येत नाही हे मुलाने पाहिले.

ही तालीम चालते कशी, ते एखाद्या मध्यमवर्गीय घरात रात्रीची जेवणे उरकल्यावर पाहावे. आई ओटा पुसून, हात पदराला कोरडे करून, अकरावीतल्या मुलीपुढे फोन धरते. “आई, ते माइकचं चित्र दाबून धर. बोट उचलू नकोस, नाहीतर तुझं बोलणं तिथंच तुटेल.” आई म्हणते, “अगं, पण समोर कुणी नसताना बोलायचं कुणाशी?” आणि मग, घसा खाकरून, कोल्हापूरला वसतिगृहात असलेल्या थोरल्याला सांगू लागते : “मी आई बोलतेय. तुझं पार्सल पाठवलंय. डबा उघडल्यावर लाडू लगेच संपवू नकोस. बरं, ठेवते हं.” मुलगी हसते, कारण नाव सांगण्याची गरज नाही आणि ठेवण्यासारखे तेथे काही नाही. परंतु या ‘मी आई बोलतेय’मध्ये आणि वडिलांनी प्रत्येक संदेशाखाली न चुकता घातलेल्या ‘– बाबा’मध्ये पोस्टकार्डाचा तो सारा साचा जिवंत आहे, ‘तीर्थरूप’ गेले, ‘चिरंजीव’ गेले, तरी कोण कोणाशी बोलत आहे हे प्रथम सांगावे ही रीत राहिली. सकाळी धाडलेल्या फुलांच्या आणि सुविचारांच्या चित्रांची मुले टर उडवितात. त्या चित्रांतला मजकूर ‘आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवीत जावी’ एवढाच असतो, आणि तो शंभर वर्षांपूर्वीही एवढाच होता.

येथवर आलो म्हणजे या नव्या उमेदवारीत खरोखर नवे काय, ते सांगता येते. पूर्वी ज्या मुलासाठी वडील शिकत तो मुलगा दूर असे आणि शिकविणारा कोणी तिसरा असे : पोस्टमन, पत्रलेखक, शेजारचे पोर, रात्रीच्या वर्गातले गुरुजी. आज मुलगा पलीकडच्या खोलीत असतो, आणि ज्याच्याशी बोलावयाचे, ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे आणि ज्याच्याकडून साधन शिकावयाचे, ती तिन्ही माणसे एकच असतात. आईचा फोन मुलीनेच जुळवून दिलेला असतो. आईला कोणते चित्र दिसावे आणि कोणते दिसू नये हेही तिनेच आपल्या फोनवर ठरविलेले असते. एके काळी फेसबुकावर मुले होती. तेथे मामा-मावश्या आल्या तशी मुले इन्स्टाग्रामवर गेली, आणि पालक तेथवर पोहोचेतो त्यांनी तेथेही मोजक्या मित्रांसाठी दुसरी खाती उघडली. पालकांची ही पाठशिवणी कधीच पुरी होणार नाही, कारण पुढे पळणाऱ्याच्याच हाती वाटेचा नकाशा आहे. २०१४ साली व्हॉट्सॲपवर आलेल्या निळ्या खुणांनी तर एक नवा तगादा निर्माण केला : पत्र पोहोचले की नाही ही जुनी काळजी संपली, आणि वाचूनही उत्तर का दिले नाही, ही नवी सुरू झाली.

या कोंडीवर उपाय म्हणून हुकुमाचा मार्गही चोखाळून झाला आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असा प्रघात पाडला की, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद राहावेत. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाच्या ग्रामसभेने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्हींत फरक आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे : पहिल्यात भोंगा बापासाठीही वाजतो, दुसऱ्यात बंदी मुलापुरती आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेणे आवश्यक केले. हेतू चांगलाच आहे, परंतु संमतीचे बटण कोठे आहे हे ज्या घरात बाप मुलालाच विचारतो, तेथे हा कायदा मुलाच्या सौजन्यावर चालणार हे उघड आहे.

दीडशे वर्षांच्या या हकीकतीतून एक निर्णय निघतो असे मला वाटते. ज्या ज्या वेळी वडीलधाऱ्यांनी मुलाशी चार शब्द बोलता यावेत म्हणून नवे साधन हाती धरले, त्या त्या वेळी ते त्यांना साधले, मग ते अंगठेबहाद्दर असोत की लेखणीबहाद्दर. मनीऑर्डरीचा तळ, रात्रीचा वर्ग, एक घंटी, आवाजाचा संदेश, ही सारी त्याची साक्ष आहे. पहारा करण्यासाठी शिकलेली विद्या मात्र मुलाने एक नवे खाते उघडताच निकामी होते, आणि जाताना विश्वासही घेऊन जाते. पालकांनी सावध राहू नये असा याचा अर्थ नाही. अनोळखी माणसाकडून, फसवणुकीकडून, धमकीकडून मुलाला खरोखर धोका असतो, आणि तो प्रसंग आला म्हणजे मुलाने प्रथम घरी सांगावे, हीच त्यावरची सर्वांत भरवशाची तटबंदी आहे. जो बाप रोज काही तरी विचारीत, हसू सोसीत, मुलाकडून शिकत आला आहे, त्याच्याकडे अडचणीत सापडलेला मुलगा येण्याचा संभव अधिक. तेव्हा पालकांनी ही उमेदवारी लाज न बाळगता पत्करावी, मुलांनी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना आवाज चढवू नये, आणि शिकून झाल्यावर पहिला संदेश चौकशीचा न धाडता खुशालीचा धाडावा.